घर सजवणारा आणि घर मांडणारा

अंबाडी नाक्यावर किंवा भिवंडीच्या बाजारात जा. दुकानांवर रंगीत पाट्या दिसतात. आता त्या तुम्हाला वाचता येतात. एका पाटीवर लिहिलेले असते 'इंटिरियर डेकोरेटर'. चार दुकाने पुढे गेले की दुसरी पाटी असते, 'इंटिरियर डिझायनर'. तिसरा दुकानदार त्याहून हुशार. तो दोन्ही शब्द लिहितो आणि खाली 'फर्निचर, पीओपी, रंगकाम' असेही लिहून टाकतो.

पाटी वाचता आली, पण अर्थ कळला का? वर्गात एका बाईंनी मला हेच विचारले. म्हणाल्या, "गुरुजी, हे दोघे एकच की वेगळे? आमचा मुलगा म्हणतो एकच. मग दोन नावे कशाला?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैशाचा प्रश्न आहे. आपल्या भिवंडी तालुक्यात गेल्या काही वर्षांत गोदामांसाठी आणि रस्त्यांसाठी पुष्कळ जमिनी गेल्या. काहींच्या हातात पैसा आला. कुडाची आणि कौलारू घरे गेली, स्लॅबची घरे आली. गणेशपुरी आणि वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडे आहेत, देवस्थाने आहेत, नित्यानंदबाबांची समाधी आहे. तिथे बारा महिने माणसे येतात. त्यांच्यासाठी कुणी घरावर दोन खोल्या चढवतो आणि भाड्याने देतो. अशा वेळी कुणीतरी सांगतो, "आतले काम इंटिरियरवाल्याला द्या." मग घरधनी पाटी बघून आत शिरतो. माणूस घर आयुष्यात एकदा बांधतो, फार तर दोनदा. म्हणून कोणाकडून काय काम करून घ्यायचे, हे आधी कळलेले बरे.

'इंटिरियर' म्हणजे आतला भाग. घराचा आतला भाग, एवढाच त्याचा अर्थ. 'डेकोरेटर' म्हणजे सजवणारा. 'डिझायनर' म्हणजे रचना करणारा. मी त्याला मांडणारा म्हणतो. संसार मांडणे, चूल मांडणे असे आपण म्हणतो ना, त्यातला हा शब्द आहे. सजवणारा उभ्या घराला रंगरूप देतो. मांडणारा आधी विचारतो की या घरात कोण राहणार, कोण कुठे निजणार, कोण कुठून पाणी आणणार, धूर कुठून जाणार. मग तो आतली जागा त्याप्रमाणे लावतो.

हे नीट समजण्यासाठी परक्या मुलखात जायला नको. आपल्या डोंगराकडच्या पाड्यावरचे जुने घर डोळ्यांपुढे आणा. आधी जमिनीत मेढी पुरतात. मेढ म्हणजे दुबेळक्याचा लाकडी खांब. मेढींवर आढे चढते, आढ्यावर वासे, वाशांवर पेंढा किंवा कौले. सगळ्या छपराचे ओझे मेढींवर असते. मग मेढींच्या मधल्या जागेत कारवीच्या काठ्यांचा कूड विणतात आणि त्याला शेणामातीने लिंपतात. कूड ओझे घेत नाही. तो फक्त आडोसा करतो. कूड जुना झाला, वाळवी लागली, की काढून नवा विणता येतो. घर जागच्या जागी उभे राहते. पण मेढ काढली तर? आपले लहान पोरही सांगेल की घर खाली येईल.

आता आत या. बाहेर ओटी. ओटीवर पाहुणा बसतो, म्हातारा निजतो, पावसात दोरी वळायचे काम चालते. आत चूल. चुलीच्या वर माळा. माळ्यावर बी-बियाणे आणि सुकी मासळी, कारण धुराने कीड लागत नाही. एका अंगाला गुरे. कणगी अशा ठिकाणी की ओल पोचणार नाही. हे कुणी ठरवले? कागदावर कुणी नकाशा काढला नव्हता. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी विचार केला, चुका केल्या, सुधारल्या आणि ही मांडणी बसवली. हेच मांडणाऱ्याचे काम.

आणि लग्न ठरले की? भिंत गेरूने किंवा शेणाने सारवतात. तांदळाच्या पिठाचे पाणी करतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करतात आणि सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. भोवती झाडे, पाखरे, नाचणारी माणसे. हे सजावटीचे काम.

म्हणजे एकाच झोपडीत तीन कामे झाली. मेढ उभारणे हे एक. ओटी, चूल, माळा कुठे ते ठरवणे हे दुसरे. भिंत सारवून चौक लिहिणे हे तिसरे. शहरात या तीन कामांची तीन माणसे झाली आहेत. पहिले काम इंजिनिअरचे आणि आर्किटेक्टचे. दुसरे डिझायनरचे. तिसरे डेकोरेटरचे. एवढे लक्षात ठेवले तर पाटीला फसायला होणार नाही.

कुणी म्हणेल, मग सजवणारा हा खालच्या पायरीचा झाला. तसे मी म्हणणार नाही. वारल्यांच्या घरात चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. ती सजावट वरवरची नव्हे, ती त्या घराचा धर्म आहे. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणि कापडावर काढली. पूर्वी हे काम बायकांचे, तेही लग्नकार्यापुरते. मशे रोज काढू लागले. ती चित्रे परदेशात गेली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. आज शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर वारली चित्रे दिसतात. ती बहुतेक डेकोरेटरांनीच लावून घेतलेली असतात. मात्र तिथे देवी नसते आणि लग्नही नसते. उरते ती नुसती शोभा. असो.

चांगल्या सजवणाऱ्याला रंग कळतात. अंधाऱ्या खोलीला कोणता रंग दिला म्हणजे ती उजळेल, हे त्याला ठाऊक असते. कापड कोणते मळखाऊ, कोणते उन्हाने विटणारे, दिवा कुठे टांगला म्हणजे डोळ्यांवर येणार नाही, पलंग कोणत्या उंचीचा, हे सारे तो पाहतो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एल्सी द वुल्फ नावाची एक नटी होती. तिने नाटक सोडले आणि श्रीमंतांची घरे सजवण्याचा धंदा धरला. बायकांसाठी निघालेल्या एका मोठ्या क्लबची आतली सजावट तिला मिळाली. तो क्लब १९०७ साली उघडला. त्या काळी मोठ्या घरांत काळपट लाकूड, जाड पडदे आणि सामानाची गर्दी असे. तिने फिकट रंग वापरले, उजेड आत घेतला, अडगळ कमी केली. लोकांना ते आवडले. घर सजवणे हा पोट भरण्याचा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, हे पुष्कळांना तेव्हा पटले.

आता मांडणाऱ्याचे काम पाहू. त्याची उत्तम गोष्ट स्वयंपाकघराची आहे आणि ती जर्मनीत घडली. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट शहरात कामकरी लोकांसाठी हजारो घरे बांधायची होती. घरे लहान, पैसा कमी. त्यांचे स्वयंपाकघर मांडायचे काम मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईंना दिले. त्या आर्किटेक्ट होत्या. साल होते १९२६. या बाईंनी पडदे आणि रंग यांच्यापासून सुरुवात केली नाही. घरातली बाई चुलीपासून मोरीपर्यंत किती पावले टाकते, डबा काढायला किती वेळा वाकते, कोणत्या कामाला किती वेळ जातो, याचा हिशेब त्यांनी घेतला. मग सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब एवढ्याच जागेत सगळे बसवले. भाजी चिरायचा फळा खिडकीजवळ, म्हणजे उजेड हातावर पडतो. बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल. पिठासाठी, डाळीसाठी वेगळे खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली. आज शहरात जिथे तिथे ओटा आणि कपाटे असलेले स्वयंपाकघर दिसते, त्याची आजी हीच.

पण याची नक्कल आपल्याकडे जशीच्या तशी करू नये. त्या स्वयंपाकघरात एकच बाई मावत होती. दुसरी आत आली तर अडचण, अशी तक्रार तिथेही झाली. आपल्या घरी सणाला सासू, सून, जाऊ, नणंद मिळून स्वयंपाक करतात. भाकरी थापायला कुणाला खाली बसायला लागते. मांडणाऱ्याने हे विचारले पाहिजे. न विचारता जर तो शहरातला ओटा आणून बसवील, तर त्याची पाटी डिझायनरची असली तरी काम त्याने सजावटीचेच केले.

ओट्याची उंची ही लहान गोष्ट आहे. पण पाठीचा कणा रोज तिच्याशी झगडतो. ओटा ज्या बाईला वापरायचा आहे तिने ताठ उभे राहावे आणि कोपर वाकवावे. कोपराच्या खाली चार ते सहा इंच, तिथे ओट्याची पातळी हवी. सासू ठेंगणी, सून उंच, अशा घरात काय करायचे? ज्या बाईचे काम जास्त, तिचे माप धरायचे. हे माप घ्यायला मिस्त्री येतो तेव्हा घरातले पुरुष पुढे होतात आणि बाई दाराआड उभी राहते. माझे म्हणणे असे की त्या दिवशी पुरुषांनी बाहेर बसावे.

आता गॅसची गोष्ट. ही नीट वाचा. घरगुती गॅस हवेहून जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा ठेवायचा, शेगडी त्याच्याहून उंचावर ठेवायची आणि सिलिंडरजवळ जमिनीलगत हवा जायला वाट ठेवायची. आता समजा, कुणी सजवणारा आला. म्हणाला, "सिलिंडर दिसतो ते वाईट दिसते. आपण ओट्याखाली छान दारे लावू." त्याने चोहोबाजूंनी फळ्या ठोकल्या आणि दारे घट्ट बसवली. दिसायला सुरेख झाले. पण गॅस गळला तर तो त्या खोक्यात साचणार, आणि वासही लवकर येणार नाही. कपाट करायचेच असेल तर त्याला खालच्या बाजूला जाळी किंवा भोके हवीत. हे ज्याला ठाऊक आहे तो मांडणारा. ज्याला ठाऊक नाही त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, मग तो काही म्हणवून घेवो.

चुलीचेही तसेच आहे. गॅस आला तरी पुष्कळ घरांत पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटते. धुराने डोळे चुरचुरतात एवढेच आपल्याला वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. जुन्या घरात कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. स्लॅबच्या घरात वर फट नाही. तिथे चूल आत नेली आणि धुराडे ठेवले नाही, तर धूर माणसांच्याच छातीत जातो. म्हणजे घर पक्के झाले आणि हवा बिघडली. चूल पडवीत ठेवायची की आत, धुराडे कुठून काढायचे, समोरासमोर खिडक्या येतात का, हे घराचा नकाशा कागदावर असतानाच ठरवायला हवे. रंग झाल्यावर भिंत फोडणे महाग पडते.

इथे एक फरक दिसतो. सजवणारा शेवटी आला तरी चालतो. घर बांधून झाले, प्लास्टर झाले, मग त्याला बोलावले तर काही बिघडत नाही. मांडणारा आधी यायला हवा. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, मोरीचा उतार, दारांची तोंडे ठरायच्या आधी. आपल्याकडे मात्र उलटे होते. आधी गवंडी सगळे करून मोकळा होतो, मग आपण डिझायनरला आणतो. तो बिचारा काय करणार? भिंतीला रंग सुचवतो आणि निघून जातो. त्याला आपणच डेकोरेटर करून टाकले.

आमच्या भागातल्या एका घराचे सांगतो. नाव सांगत नाही. त्या कुटुंबाने दर्शनाला येणाऱ्यांसाठी वर तीन खोल्या काढल्या. आतले काम एका सजवणाऱ्याला दिले. त्याने तिन्ही खोल्यांना पीओपीचे खोटे छत केले. त्यात लाल-निळे दिवे लावले. भिंतीला फुलाफुलांचा कागद चिकटवला. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. मग पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने भिंत वाळत नाही. स्लॅबमधून ओल आली. पीओपीला ओल सोसत नाही. छताला पिवळे डाग पडले आणि एका कोपऱ्यातला तुकडा सुटून खाली आला. रात्रीची वेळ नव्हती म्हणून बरे. कागदाच्या मागे काळी बुरशी धरली.

एवढ्यावर भागले नाही. दर्शनाला येणाऱ्यांत म्हातारी माणसे फार. कुणाचे गुडघे दुखतात म्हणून ती गरम कुंडांच्या पाण्यासाठी येतात. त्यांच्यासाठी खोली वरच्या मजल्यावर. जिन्याची एकेक पायरी जवळजवळ नऊ इंच उंच. संडासाचे दार दोन फुटांचे. धरायला दांडी नाही. फरशी चकचकीत, पाणी पडले की पाय सटकतो. म्हणजे ज्यांच्यासाठी खोल्या काढल्या, त्यांनाच त्या वापरता येईनात. दिव्यांवर आणि छतावर खर्च झाला त्याच्या चौथाई पैशात खालची एक खोली म्हाताऱ्यांसाठी नीट झाली असती. पायरी सात इंचांहून उंच नको आणि पाऊल टेकायला दहा इंच तरी जागा हवी. संडासाचे दार तीन फुटांचे असले तर चाकांची खुर्चीही आत जाते. फरशी खरबरीत हवी. भिंतीत एक लोखंडी दांडी हवी. दिसायला यात काही नाही. पण पाहुणा पुन्हा येतो तो यासाठी.

त्या सजवणाऱ्याचा दोष किती? माझ्या मते निम्मा. त्याला सजवायला सांगितले, त्याने सजवले. म्हातारी माणसे कशी राहतील, हे त्याला कुणी विचारलेच नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मघाशी मेढीचे सांगितले, ते पुन्हा आठवा. पक्क्या घरातही मेढी असतात. सिमेंट आणि लोखंडी सळ्या घालून केलेले खांब म्हणजे मेढी. त्यांच्यावरचे बीम म्हणजे आढी. मधल्या विटांच्या भिंती पुष्कळदा कुडासारख्या असतात. त्या काढता येतात. पण नेहमीच नाही. खांब न घालता नुसत्या जाड भिंतींवर स्लॅब टाकलेली घरे आपल्या गावात आहेत. तिथे भिंत हीच मेढ. नुसते बघून ते कळत नाही. प्लास्टरच्या आत खांब आहे की विटा आहेत, हे बाहेरून दिसत नाही.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली. सकाळची वेळ होती. सतरा माणसे मेली. तळमजल्यावर आतले फेरबदल चालू होते. ते करताना इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप तिथे राहणाऱ्या लोकांनी केला. पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटक केली. वरच्या मजल्यांवरच्या माणसांना खाली काय चालले आहे याचा आवाज येत होता. त्यांनी तक्रारही केली होती.

म्हणून हे पक्के धरा. खांब, बीम, स्लॅब आणि जाड भिंत, यांना सजवणाऱ्याने हात लावायचा नाही. मांडणाऱ्यानेही लावायचा नाही. "इथली भिंत काढली की हॉल मोठा दिसेल," असे कुणीही म्हटले तर त्याला म्हणायचे, "आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणा." स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणजे ओझ्याचा हिशेब करणारा इंजिनिअर. त्याची फी द्यावी लागते. ती स्लॅबच्या एका कोपऱ्याहूनही स्वस्त असते.

कुणी विचारील, सरकारने यावर काही नियम केला आहे की नाही? अर्धा केला आहे. आर्किटेक्ट म्हणजे वास्तुविशारद. त्याच्यासाठी १९७२ सालचा कायदा आहे. त्याला शिक्षण घेऊन कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या संस्थेत नाव नोंदवावे लागते. नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. नोंदणीचा नंबर मिळतो. तो नंबर तुम्ही मागू शकता. पण इंटिरियर डिझायनर आणि डेकोरेटर यांच्यासाठी आपल्या देशात असा कायदा नाही. उद्या सकाळी मी दारावर पाटी लावली तर मला कुणी अडवणार नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र डिझायनरने शिक्षण, उमेदवारी आणि परीक्षा पार केली तरच त्याची सरकारात नोंदणी होते. सजवणाऱ्याला तशी परीक्षा लागत नाही. त्या लोकांनी फरक केला तो याच कारणासाठी. पडदा चुकला तर बदलता येतो. पण आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट चुकली तर माणूस जातो.

आपल्याकडे कायदा नसला तरी शिकलेली माणसे आहेत. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालापासून आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून ते निघाले. आता घराची आतली रचना शिकवणारी विद्यालये मुंबई, पुणे, ठाणे अशा शहरांत पुष्कळ झाली आहेत. डिझायनर लोकांनी आपली एक संस्थाही १९७२ साली मुंबईत काढली. तिचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स. पण तिचे सभासद व्हायलाच पाहिजे अशी कुणावर सक्ती नाही. म्हणून पाटीवर विसंबून चालत नाही. माणसालाच विचारावे लागते.

काय विचारायचे? पहिल्या भेटीत तुम्ही फार विचारू नका. तो काय विचारतो ते बघा. तो आल्याबरोबर रंगांची पुस्तके उघडू लागला, तर तो सजवणारा आहे. सजावटच हवी असेल तर त्याला बसवा, चहा द्या, काम द्या. पण त्याने जर विचारले की घरात माणसे किती, म्हातारे कोण, पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, सकाळचे ऊन कुठे येते, भात कुठे साठवता, आणि मग टेप काढून तो खोल्या मापू लागला, तर तो मांडणारा आहे असे समजायला हरकत नाही.

मग त्याला कागद मागा. मांडणारा कागद दिल्याशिवाय काम सुरू करत नाही. त्या कागदाला ड्रॉइंग म्हणतात. ते वाचायला अवघड नसते. घराचे छप्पर उचलून वरून खाली पाहिले तर जसे दिसेल, तसे ते चित्र असते. जाड रेघ म्हणजे भिंत. रेघेत खंड पडला तिथे दार किंवा खिडकी. दाराजवळ पाव वर्तुळ काढलेले असते. दार कोणत्या बाजूला उघडते ते त्यावरून कळते. कोपऱ्यात बाण असतो, तो उत्तरेकडे. आकडे म्हणजे मापे. ते फुटांत आहेत की मिलिमीटरमध्ये, हे विचारून घ्या. तीनशे मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक फूट. विजेचा कागद वेगळा मागा. त्यात बटणे, दिवे आणि अर्थिंग कुठे ते दाखवलेले असते. पाण्याच्या नळांचा कागदही वेगळा. हे कागद पुढे जपून ठेवा. दहा वर्षांनी खिळा ठोकताना आत तार आहे की नाही, हे त्यावरून कळते.

कागदावरचे माप जमिनीवर आखून बघण्याची एक सोपी युक्ती आहे. अंगणात चुन्याच्या रेघा मारा. इथे दार, इथे पलंग, इथे ओटा. मग घरातल्या सगळ्यांनी त्यात फिरून बघावे. आजीने संडासाला जाऊन दाखवावे. सुनेने चुलीपासून मोरीपर्यंत चालावे. कुठे अंग घासते, कुठे दोघी एकमेकींना धडकतात, ते लगेच कळते. चुना दहा-वीस रुपयांचा लागतो.

पैशाचे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. डिझायनरची फी तीन तऱ्हांनी ठरते. कुणी चौरस फुटावर घेतो, कुणी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर, कुणी ठोक रक्कम सांगतो. टक्क्यांवर ठरवले तर ध्यानात ठेवा, खर्च वाढला की त्याची फीही वाढते. सजवणारा पुष्कळदा फी घेत नाही असे सांगतो. तो सामानाच्या किमतीतच आपला हिस्सा धरतो. त्यात वाईट काही नाही, त्यालाही पोट आहे. पण तो हिस्सा किती ते आधी विचारावे आणि प्लायवूड, फरशी, नळ यांचे भाव भिवंडीत आणखी दोन दुकानांत स्वतः विचारून यावे.

करारात एवढे असावे. कामाची यादी, सामानाची कंपनी आणि जाडी, काम पुरे करण्याची तारीख आणि पैशाचे हप्ते. कोणते काम झाल्यावर कोणता हप्ता, ते लिहावे. खांब, बीम, स्लॅब आणि ओझ्याच्या भिंती यांना हात लावणार नाही, असे एक वाक्य त्याच्या अक्षरात लिहून घ्यावे. खाली दोघांच्या सह्या. अंगठा नको. तुम्हाला आता सही येते. आधी सगळा कागद वाचा, न कळलेला शब्द विचारा आणि मग सही करा. करार दोन प्रतींत करून एक प्रत घरी ठेवा.